कमरेपर्यंतचं पाणी

कोंढव्यात चौथ्या मजल्यावर पाणी चढायचं म्हणजे पंपाची मर्जी लागते. त्यामुळे "माझे पाय ओले झालेत" असं अख्तरबानू पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा त्यांची सून तरन्नुम आधी नळ बघायला धावली. नळ कोरडा होता, फरशी कोरडी होती, आणि हात लावून पाहिलं तर पायही कोरडेच होते. दोघी हसल्या आणि कांदे चिरायला बसल्या.

पण ओल काही गेली नाही. घोट्यापर्यंत थंड, गढूळ पाणी साचल्यासारखं वाटत राहिलं.

"गढूळ आहे हे कसं कळलं?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पायांना कळतं."

"पायांना एवढं कळतं, तर माझ्याकडे कशाला आलात?" असं म्हणून त्यांनी कॅल्शियम लिहून दिलं.

मग रक्त झालं, साखर झाली, नसांची तपासणी झाली, एमआरआय झाला. बहात्तराव्या वर्षी असे रिपोर्ट यावेत की विशीतल्या पोरीनं हेवा करावा. पाणी मात्र पोटऱ्यांवर आलं. स्कूटरवर सासू मागे, मांडीवर जाडजूड फाइल, अशा या जोडीला अर्ध्या पुण्यातले रिसेप्शनिस्ट ओळखू लागले.

मेंदू आणि नसांचे तरुण डॉक्टर अभिनव तेवढे हसले नाहीत. त्यांनी अख्तरबानूंना डोळे मिटायला सांगितलं आणि पायावरून कापूस फिरवला. जिथे ओलं संपून कोरडं लागलं, तिथे बॉलपेननं रेघ ओढून शेजारी तारीख घातली. पुढच्या खेपेला रेघ गुडघ्यावर होती, त्यानंतर मांडीवर. रेघेखालची कातडी धुणं धुतलेल्या हातांसारखी सुरकुतलेली होती.

"कपडे धुता का, आजी?"

"मशीन धुतं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पाहिलं. फाइलमध्ये मात्र काहीच लिहिलं नाही.

रेघ कमरेशी आली त्या दुपारी घरात ओल्या पिठाचा वास सुटला. तरन्नुमला तो येत नव्हता. अख्तरबानू खुर्चीत ताठ बसल्या. हा वास त्यांच्या ओळखीचा होता.

कसब्यात नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्यांच्या अब्बांचं कल्हईचं दुकान होतं. भट्टीवर तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठायचा आणि काळं भांडं बघता बघता चांदीसारखं व्हायचं. ते बघायला समोरच्या पिठाच्या गिरणीतून द्वारका यायची. कोंडीराम गिरणीवाल्याची ही लेक अख्तरपेक्षा टीचभर बुटकी होती, आणि तिच्या पापण्यांवर कायम पीठ असायचं. दुकानाच्या दगडी पायरीवर दोघी सागरगोटे खेळायच्या. द्वारका हरली तरी रुसायची नाही. थांब म्हटलं की थांबायची. इतकी गोड मैत्रीण अख्तरबानूंना पुढे कधीच मिळाली नाही, आणि त्यांनी शोधलीही नाही.

संध्याकाळी त्यांनी तरन्नुमला जवळ बसवलं.

"पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. भरदिवसा बोळात पाणी शिरलं. द्वारकाला म्हटलं, 'तू पायरीवर थांब, मी सागरगोटे घेऊन आलेच.' आत गेले, तर अब्बांनी मला उचललं आणि मागच्या दारानं पळाले…"

"तुम्ही काय करणार होता, अम्मी? लहान होता."

"सांगू शकले असते ना. द्वारका पायरीवर आहे म्हटलं असतं, तर अब्बा परत फिरले असते. म्हणून तर बोलले नाही. वाटलं, परत गेलो तर आपण बुडू. नंतर तिची आई मुक्ताई दारोदार विचारत फिरली. मलाही विचारलं. मी म्हटलं, मी पाहिलीच नाही."

तरन्नुमनं त्यांचा हात धरला.

"पाणी माझ्या कमरेला आहे, बेटा. तेवढीच ती आज शेजारी उभी राहिली, तर तिची हनुवटी इथंच येईल." अख्तरबानूंनी कमरेवर चार बोटं आडवी धरली. "आणि इथं नाक… ती अजून थांबलीय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघी कसब्यात उतरल्या. बोळात स्कूटरींची दाटी होती. दुकानाच्या जागी इमारत झाली होती, गिरणीच्या जागी झेरॉक्सवाला होता. दगडी पायरी मात्र तीच होती, खेळून खेळून पडलेल्या खळग्यासकट. पाणी आता कमरेच्या दोन बोटं वर होतं.

अख्तरबानू कशाबशा पायरीवर बसल्या. चौसष्ट वर्षं साठलेलं रडू त्यांनी लोकांदेखत मोकळं केलं.

"द्वारके… मी आले गं. मीच नाही सांगितलं. तू किती वेळ थांबलीस…"

झेरॉक्सवाल्यानं मान काढून पाहिलं आणि तो पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं अख्तरबानू उठल्या. बोळातून वर येताना त्यांनी तरन्नुमचा हात धरला नाही. त्या उजवीकडे थोड्या वाकून, शेजारी कुणाला जागा देत चालत होत्या. वरच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाल्या, "पाय कोरडे झाले."

पंधरा दिवसांनी डॉक्टर अभिनवनी कापूस फिरवला. घोटे, गुडघे, कंबर, सगळं ठीक होतं. सुरकुत्याही गेल्या होत्या. नेमकं कुठल्या गोळीनं बरं वाटलं ते कळेना, पण डॉक्टर खूश झाले.

"आता कुठेच ओलं लागत नाही ना?"

"हा तळहात तेवढा," अख्तरबानूंनी उजवी मूठ उघडली. "पण त्याला औषध नको."

तळहात सुरकुतलेला, पांढराफटक होता. डॉक्टरांनी सवयीनं कडेला रेघ ओढायला पेन टेकवलं, पण शाई उमटेना. दुसरं पेन घेतलं, तेही उमटेना. त्यांनी आपली बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. ती ओली होती, आणि त्यांना पिठाचा चिकटा लागला होता.

"आजी… हे काय आहे?"

अख्तरबानूंनी मूठ हलकेच मिटली, रस्ता ओलांडताना लहान पोराचा हात धरावा तशी. तरन्नुमला दिसलं, तो हात आपोआप दाराच्या दिशेनं ताणला जात होता, खालच्या बाजूनं कुणी ओढावं तसा.

"मी तिला थांब म्हणाले होते," अख्तरबानू म्हणाल्या. आवाजात भीती होती आणि लाडही होता. "ती मला थांब म्हणत नाही. चल म्हणते."