ट्रीट आणि क्युअर

तो फाटक्या खुर्च्या शिवण्यासाठी न्यायला इंग्रजीच्या क्लासमध्ये गेला, तेव्हा सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एक सोडून. तिच्यावर शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या.

“बाई, जरा उठता का? ही पण न्यायचीय.”

“उठता आलं असतं, तर अशी बसून राहिले असते का?”

खुर्चीतून वर आलेल्या बारीक खिळ्याने तिचा स्वेटर पकडला होता. त्याने खाली बसून लोकर सोडवली. हळू... धागा तुटू नये म्हणून. मान वर केली, तर ती त्याच्याकडेच बघत होती.

पुढच्या आठवड्यापासून तो मागच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसू लागला. आई म्हणाली, “या वयात इंग्रजी? कोण आहे ती?”

ती रोज दोन सारखे वाटणारे शब्द शिकवायची. “दिसायला सख्ख्या बहिणी, पण नांदतात वेगवेगळ्या घरी,” म्हणायची. “नुसतं कानावर पडलं ते हिअर. कान देऊन ऐकलं ते लिसन.”

“मी तुमचं लिसन करतो हं,” वर्ग सुटल्यावर तो म्हणाला.

“तुम्ही नुसतं बघता. तो धडा अजून यायचाय.”

एकदा तिने फळ्यावर ट्रीट आणि क्युअर लिहिलं. “औषधपाणी केलं की ट्रीट. दुखणं गेलं, माणूस खडखडीत बरा झाला, की क्युअर. डॉक्टर पहिलं सगळ्यांना करतो. दुसरं...” आणि ती फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली. त्याला वाटलं, पुढचं विसरली.

त्याच संध्याकाळी त्याने जिन्यात लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. “गुरुवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला,” एवढंच.

डॉक्टर भले गृहस्थ होते. इंग्रजीत बोलत होते. त्यात ट्रीट हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. तो दुसऱ्या शब्दाची वाट बघत राहिला. शेवटी न राहवून त्यानेच विचारलं, “आणि... क्युअर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि नुसती मान हलवली. नाही म्हणून.

बाहेर बसस्टॉपवर ती म्हणाली, “कळलं ना? आता घरी जा तू.” पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाली.

“नाही जात.”

“माझ्यामागे रडत बसशील.”

“बसेन.”

“एकटा पडशील रे.”

“पडेन.”

“मग?”

बस आली, थांबली, गेली.

“आई लग्नाची तारीख विचारतेय,” तो म्हणाला. “काय सांगू?”

ती हसली. हसता हसताच तिला हुंदका फुटला. तिने त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“जवळची धरा म्हणावं,” ती म्हणाली. “अगदी जवळची...”