गलबताचा उलटा झेंडा

"चुरा झाला पोट्टेहो! पार चुरा!" निकेशभाऊंनी दोन्ही हात झटकले. "जीपच्या टपावरून पडलं तुमचं गलबत. मागून ट्रक आला, अन् गेला वरून. मी तरी काय करू?"

कहकशाँचं कपाळ असं तापलं, की त्यावर पोळी टाकली असती तर टम्म फुगली असती!

"तुकडे कुठी आहेत?" दिव्यानीनं विचारलं.

"फेकले."

"कुठी फेकले?"

"अवं, फेकले म्हणजे फेकले! दुसरं बनवा. सुट्ट्या आहेत ना तुमाले!" असं म्हणून निकेशभाऊंनी मोटारसायकलला किक मारली आणि शीळ वाजवत निघूनसुद्धा गेले.

दुसरं बनवा! चार महिने लागले होते पहिल्याला! कहकशाँ, तिचा धाकटा भाऊ मुबीन आणि त्यांची मैत्रीण दिव्यानी, तिघं दर रविवारी ब्रह्मपुरीत नवाब मामूंच्या फर्निचरच्या दुकानामागे बसायची. सागवानाच्या उरलेल्या फळ्यांच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, गरम पाण्यात भिजवून वाकवायच्या, एकेक करून सांगाड्यावर चिकटवायच्या. हातभर लांब गलबत! दोन डोलकाठ्या, मामूंच्या जुन्या धोतराची सात शिडं, आणि जाळं विणायच्या दोऱ्याचे दोर. त्या दोरांना एकशे चाळीस गाठी! शेवटच्या गाठीला कहकशाँच्या बोटाचं सालपट निघालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आरमोरीला हस्तकलेचं प्रदर्शन होतं. निकेशभाऊ हस्तकलेचे वर्ग घ्यायचे. "मी नेतो, तुमच्या नावानं मांडतो," असं म्हणून त्यांनीच तर गलबत नेलं होतं!

दोन दिवसांनी मुबीन अम्मीचा मोबाइल घेऊन धावत आला. पळताना एक चप्पल रस्त्यातच राहिली होती.

"आपा! निकेशभाऊचं स्टेटस पाह्य!"

फोटोत हार घातलेलं टेबल होतं. टेबलावर गलबत. खाली पाटी: 'माझ्या हातची कला – निकेश हस्तकला वर्ग'.

"असं तर कोणाचंबी असू शकते," दिव्यानी म्हणाली.

कहकशाँनं फोटो मोठा केला. गलबताच्या पोटावर लाकडाची काळी गाठ होती, घुबडाच्या डोळ्यासारखी. तो डोळा तिनं स्वतः घासून चमकवला होता.

"आपलंच हाय," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता, की मुबीन दोन पावलं मागे सरकला. "ट्रक गेला म्हणे वरून!"

"पण झेंडा पाह्य ना," दिव्यानी म्हणाली. "उलटा लावलाय!"

खरंच की! डोलकाठीच्या टोकावरचा लाल झेंडा मागच्या बाजूला उडत होता. पहिल्यांदा या तिघांनीही तसाच लावला होता बरं का! समुद्र कोणी पाहिलाय इथं? पण दिव्यानीची आजी सोमारी, जिनं आयुष्यभर वैनगंगेत मासे धरले, ती हसून हसून लोळली होती. तिनं तिघांना डोंग्यात, म्हणजे आपल्या लाकडी होडीत बसवलं, बांबूला चादर बांधली आणि वर आपला गमछा. वारा पाठीमागून आला. चादर पुढे फुगली, गमछाही पुढेच फडफडला!

"वारा जिकडं ढकलते तिकडंच फडकं जाते, येड्याहो!" आजी म्हणाली होती.

आजीला फोटो दाखवल्यावर तिनं लुगड्याचा काष्टा खोचला. "चाला! आरमोरीची गाडी धरा."

एसटीची लाल गाडी वैनगंगेच्या पुलावर आली. "याच डोहातून मी एकदा मगरीच्या पाठीवर बसून बाजारात गेलती," आजी म्हणाली.

"मगर काऊन नेत होती तुले?" मुबीननं विचारलं.

"तिलेबी वांगे घ्याचे होते!"

मुबीन खिदळला. कहकशाँ नाही हसली. ती खिडकीबाहेर बघत दात आवळून बसली होती.

प्रदर्शनाचा मांडव गच्च भरला होता. मधल्या टेबलावर गलबत! कहकशाँ तीरासारखी निघाली, तोच दिव्यानीनं तिचा हात धरला.

"सोड! माझं हाय ते!"

"आता हिसकलं तर चोर आपणच दिसू! कोण मानणार मंग?"

कहकशाँनं हात सोडवून घेतला. पण थांबली.

बक्षीस द्यायला कमलाबाई आल्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या बाजूला निकेशभाऊ पाठीमागे हात बांधून उभे. "सहा महिने लागले, बाई," ते सांगत होते. "एकट्यानं केलं."

"सहा?" मुबीन ओरडणार होता. आजीनं त्याच्या तोंडात लाडू कोंबला.

कहकशाँ पुढे झाली. "भाऊ, हे गलबत पाण्यात तरंगते का?"

तिला पाहून निकेशभाऊ इकडेतिकडे बघू लागले. पण बाई ऐकत होत्या. "छे छे! शोभेचं आहे ते. पाण्यात टाकलं की आडवं होते. पोकळ आहे ना आतून!"

"नाई होत आडवं!" कहकशाँ कडाडली. "आत एकतीस शिशाच्या गोळ्या आहेत! सोमारी आजीच्या जाळ्याच्या! टाकून पाहा पाण्यात!"

"अहो बाई, पोरगी खोटं बोलून राह्यली. बुडालं तर कोण जबाबदार?"

"बुडालं तर मी!" कहकशाँ म्हणाली.

कमलाबाईंनी चष्मा सारखा केला. "आणा टब," त्या म्हणाल्या.

ताटं धुवायचा भला मोठा टब आला. गलबत पाण्यात ठेवलं. ते एकदा डावीकडे झुकलं. एकदा उजवीकडे झुकलं. आणि उभं राहिलं! ताठ!

दिव्यानीनं मांडवातला उभा पंखा ओढून गलबताच्या मागे लावला. सातही शिडं फुगली आणि गलबत सूं करून निघालं! पोरांनी टाळ्या वाजवल्या. झेंडा मात्र डिंकानं कडक करून ठेवलेला, तो पंख्याकडेच तोंड करून ताठ!

"निकेशराव," कमलाबाई म्हणाल्या, "वारा पुढे चाललाय. मग झेंडा मागे कसा?"

"ते... गाडी पुढं गेली की झेंडा मागं जाते ना, बाई. जीपचा नाई का जात?"

"जीपले इंजिन असते!" दिव्यानी ओरडली. "गलबताले वाराच ढकलते!"

सगळा मांडव हसला. कहकशाँनं गलबत उचललं, मागचं चिमुकलं झाकण नखानं उघडलं आणि बाईंच्या ओंजळीत उपडं केलं. शिशाच्या गोळ्या! झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं तीन नावं होती: कहकशाँ, मुबीन, दिव्यानी.

निकेशभाऊंची मान खाली गेली. "जीपमधून उतरवताना पडलं. एक डोलकाठी मोडली, झेंडा निघाला. मी जोडलं सगळं. मंग वाटलं, एवढी मेहनत केली तर..."

"मोडलं म्हणून सांगाचं होतं ना!" कहकशाँचा आवाज फुटला. "आम्ही जोडाले आलो असतो! दोन दिवस मी जेवली नाई, भाऊ! जित्या गलबताले तुमी मेलं म्हणून सांगितलं!"

आता कोणीच हसलं नाही.

"चुकलं माझं," निकेशभाऊ पुटपुटले.

"मोठ्यानं," सोमारी आजी म्हणाली.

"चुकलं माझं!"

कमलाबाईंनी पाटी काढून टाकली. पहिलं बक्षीस तिघांना जाहीर झालं. "हात कुशल आहेतच," बाई म्हणाल्या, "पण हिसकून न घेता सिद्ध करून दाखवलंत, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं." कहकशाँनं कोऱ्या पुठ्ठ्यावर नवी पाटी लिहिली. तीन नावं, आणि चौथं सोमारी आजीचं. आजीनं आपल्या नावावर बोट फिरवून पाहिलं.

"आता तरी हास ना, आपा!" मुबीन म्हणाला.

"नाई हासत. राग गेला नाई माझा."

दोन दिवसांनी प्रदर्शन संपलं, तेव्हा तिघं गलबत घरी न्यायला आजीबरोबर परत आली. परतीच्या गाडीत कहकशाँनं ते मांडीवर धरलं होतं. झेंड्यावरचा डिंक तिनं नखानं खरवडून काढला. पुलावर वारा आला, आणि खिडकीतला लाल झेंडा फडफडत सरळ मागे गेला.

मुबीननं डोळे वटारले. "अगं आपा! निकेशभाऊचंच बरोबर निघालं!"

"ही एसटी हाय, गाढवा! हिले इंजिन असते!" कहकशाँ खेकसली.

आणि मग तिला जे हसू फुटलं, ते ब्रह्मपुरीचा स्टँड येईपर्यंत थांबलंच नाही. आजी तर सांगते, डोहातली मगरसुद्धा वर येऊन हसत होती. हातात वांग्याची पिशवी घेऊन!