सुचिताचा लाल सॉस

मैत्रीण डिंपलच्या लग्नाच्या पंगतीत रश्श्याची बादली समोर आली, तसा सुचितानं ताटावर हात आडवा धरला.

"काऊन? आवडत नाई?" वाढणाऱ्या तरुणानं विचारलं.

"दाण्याचं कूट असंल ना त्यात?"

"दाण्याबिगर रस्सा असते का कुठी?"

"मले नाही चालत. अंगावर गांधी उठतात, घसा सुजते." तिनं पर्समधून काचेची बाटली काढली आणि पोळीवर लाल, दाटसर सॉस ओतला.

पुढची माणसं खोळंबली, तरी तो हलेना. "जरासा मले द्या..." त्यानं तळहात पुढं केला. तिनं नाइलाजानं थेंबभर टाकला. तो चाटून त्यानं डोळे मिटले.

"घरी केला?"

"हाव. टमाटे, गूळ, लसूण, तिखट."

"टमाटे फिके आहेत तुमचे. मी आणून देतो."

हा शिवम, डिंपलचा मावसभाऊ. वरवट बकालला त्याचं भाजीपाल्याचं वावर होतं. सुचिताला वाटलं, बोलणारी माणसं आणत नसतात. पण पुढच्याच बाजाराच्या दिवशी मलकापुरात तिच्या दारात लालबुंद टमाट्यांची टोपली आली, आणि टोपलीमागे त्याचं हसू.

मग तो येतच राहिला. ती ओट्यापाशी टमाटे शिजवायची, तो दारातल्या खुर्चीवर बसून वास घ्यायचा. ती सांगायची... चिंच-खजुराची चटणी कशी टिकते, रश्श्याला दाण्याऐवजी भाजलेल्या खोबऱ्यानं कसा दाटपणा येतो.

"एवढं सारं एकटीनं शिकल्या?"

"उपाशी राहण्यापेक्षा सोपं होतं."

तो हसला नाही. ते तिला आवडलं. कारण आजवर सगळे हसत आले होते. "थोडंसं खाल्ल्यानं काय होते," म्हणत लोकांनी आग्रह केला होता. बघायला आलेली मंडळी, मुलीचं खाण्याचं फार अवघड आहे, म्हणून उठून गेली होती. दुसऱ्याच्या हातचं खाणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

थंडी पडल्यावर शिवमनं तिला न् डिंपलला वावरात बोलावलं. आंब्याखाली चुलीवर पातेलं रटरटत होतं. त्याची आई, जयमालाबाई, कौतुकानं म्हणाल्या, "सकाळपासून ढवळून राह्यला. मले हात लावू देत नाही."

शिवमनं वाटीत सॉस काढला. गुळाचा, लसणाचा वास आला. सुचितानं वाटीसाठी हात पुढं केला... नाही म्हणावं, तर या डोळ्यांकडे कसं बघावं?

तेवढ्यात त्यानं वाटी मागे घेतली.

"आई, मिक्सरच्या भांड्यात तू काल कूट केलं होतं का?"

"केलं होतं. पन घासलं ना मंग."

शिवमनं वाटी खाली ठेवली. "नका खाऊ," तो सुचिताला म्हणाला. "मी सकाळी घरून त्याच भांड्यात टमाटे फिरवून आणले."

"आता एवढी मेहनत केली," जयमालाबाई हळहळल्या. "जरासं चाखलं तं काय होते?"

"आई... तिले होते."

एवढंच म्हणून त्यानं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं आणि राख लावून हात घासायला बसला. सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराकडे बोट दाखवून तिनं ते पुसलं. डिंपलनं तोंड फिरवून हसू लपवलं.

"कोरं भांडं आहे का?" सुचितानं विचारलं.

जयमालाबाई खोपीतून नवं पातेलं घेऊन आल्या. "हे घे, बाई. अजून वापरलं नाही."

ते धुऊन दोघांनी नव्यानं टमाटे चिरले, शिजवले. सॉस गाळताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. दोघंही सरकले नाहीत. भाकरीच्या तुकड्यावर सॉस घालून त्यानं तो तिच्यापुढं धरला. तिनं त्याच्या हातून खाल्ला. शांतपणे, चव घेत.

"आमच्या घरात दाण्याबिगर दिवस जात नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमच्यासाठी बंद करतो म्हटलं, तर आई रडंल."

"बंद काऊन करायचे? दाण्यांचं भांडं, डबा वेगळा ठेवू आपण."

शिवमनं मान वर केली. "आपण?"

सुचितानं ओठावरचा सॉस पुसला. चेहरा लाल झाला होता, पण तिनं नजर वळवली नाही.

"हाव," ती म्हणाली. "आपण."