एकोणचाळीसचा रुपया

लोणावळ्याच्या बाजारात सुहासचं जुन्या नाण्यांचं लहानसं दुकान आहे. भिंग, तराजू सगळ्यांकडेच असतात. सुहासची ख्याती कानाची. रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकवायचा आणि ऐकत राहायचं. अस्सल चांदी बराच वेळ गुणगुणते. नकली नाणं बद्द वाजून गप्प होतं.

गेल्या श्रावणात पवनेकडच्या एका म्हातारीचा निरोप आला, म्हणून तो कामशेतवरून तिकडे गेला. दुपारचे तीन, तरी धुक्यात गाडीचे दिवे लावावे लागले. चिमाबाईचं घर वस्तीपासून सुटं, पत्र्याचं. आत ओल्या मातीचा आणि विझलेल्या चुलीचा वास कोंडला होता. तिने पदराच्या गाठीतून रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला.

भिंगाखाली साल दिसलं आणि सुहासने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. एकोणीसशे एकोणचाळीस. असा रुपया त्याने फक्त चित्रात पाहिला होता. खरा असला तर किंमत लाखांत. पण आकडा कोरलेले नकलीही पुष्कळ फिरतात, म्हणून त्याने तो टिचकवला. नाद उठला, पत्र्याखाली घुमत राहिला, आणि विरता विरता आतल्या अंधाऱ्या खोलीतून कुणी पुटपुटलं, "खरा हाय..."

"आत कोण आहे, मावशी?"

"कुणी न्हाई. म्हातारा माघात गेला. मी येकलीच." तिला काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं. "खरा हाय का भाऊ? डोळ्याचं आपरेशन करायचंय."

सुहासने आतल्या दाराकडे पाहिलं. मग रुपयाकडे.

"नकली आहे," तो म्हणाला. "आठाचा नऊ केलाय. चांदीच्या भावाने घेतो, हवं तर."

तिने मान डोलावली आणि त्याने दिलेले पैसे पदरात बांधले. आत कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

दुकानात येऊन त्याने रुपया पुन्हा टिचकवला. काहीच ऐकू आलं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, सगळे मुके. शटर ओढलं, तेही मुकंच खाली आलं. घरी बायको ज्योत्स्ना बोलत होती ते स्वच्छ कळत होतं, पण तिच्या हातून निसटलेलं पातेलं फरशीवर आवाज न करता गरगरलं. डॉक्टरांना कानात दोष सापडला नाही. ज्या कानावर पोट होतं, त्यात धातू तेवढा मेला होता.

चौथ्या दिवशी तो रुपया घेऊन पुन्हा गेला. चिमाबाई ओट्यावर बसली होती.

"मावशी, मी खोटं बोललो. हा अस्सल आहे, लाखांचा. तुमचे गेलेले मालक त्या दिवशी आतून बोलले होते... मी ऐकूनही..."

"म्हातारा?" ती म्हणाली. "त्याच्या गळ्याचं आपरेशन झाल्यालं. सा वर्सं आवाज न्हवता त्याला."

तिने रुपया घेऊन पदराच्या गाठीत बांधला. धुकं ओट्याला टेकलं होतं.

"भाऊ," तिने हळूच विचारलं, "आवाज बाप्याचा व्हता, का बाईचा?"

सुहासने आठवून पाहिलं. इतके दिवस त्याला हे सुचलंच नव्हतं.

"बाईचा," तो म्हणाला.

चिमाबाईने दाराकडे पाहिलं. मग आत न जाता, दोरीवरचं लुगडं काढून तिने काखेत मारलं. "मला पोरीकडं सोडा, कामशेताला. आत्ताच्या आत्ता."

तिने दार ओढलं, बाहेरून कुलूप लावलं. कुलूप मिटलं ते सुहासला दिसलं, ऐकू आलं नाही. ती ओटा उतरून गाडीकडे निघाली. तो तिच्या मागे वळणार, तेवढ्यात दाराच्या पलीकडून, आतून, कुणीतरी लोखंडी कडी घातली.

ती त्याला अगदी खणखणीत ऐकू आली.