सात नंबरची जागा

त्या चौकीवर मी गेले होते ती दोन दिवसांच्या कामासाठी आणि ते पुरं झाल्याच्या एका सहीसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं, अशा ठिकाणी जाताना माणसाच्या मनात आधीपासून पाल चुकचुकत असणार. माझ्या मनात काहीही चुकचुकलं नव्हतं. गाडीत माझ्या मांडीवर आईने विणलेली कानटोपी होती. माझा धाकटा भाऊ त्याच चौकीवर शिपाई होता, आणि 'त्याच्या डोक्यात घालूनच परत ये' असा आईचा हुकूम होता.

माझं काम सैन्याचे वायरलेस सेट एकमेकांशी जोडून देण्याचं. जुने आणि नवे सेट एकत्र नांदवायचे म्हणजे दोन जावांना एका चुलीशी बसवण्यासारखं असतं. नव्या पद्धतीत प्रत्येक सेट दुसऱ्याचा निरोप आपोआप पुढे पोचवतो. माणूस डोंगराआड गेला, तर मधल्या उंचीवर एक सेट असला की पुरतं. त्या मधल्या सेटला रिले म्हणतात. कुणाचा निरोप कुणामार्फत आला ते पडद्यावर ठिपक्यांनी आणि रेघांनी दिसतं, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या सेटचा नंबर आणि उरलेली बॅटरी.

कंट्रोल रूम म्हणजे एक लोखंडी डबा होता. एक खिडकी, एक स्टोव्ह, रॉकेलचा वास आणि भिंतीवर बारा खणांचा चार्जर. सेट मात्र अकराच. सातवा खण रिकामा होता, आणि त्यावर धुळीचा कण नव्हता. तो रोज कुणीतरी पुसत होतं.

ते मास्तर पुसत होते. स्टोअर त्यांच्याकडे होतं, निवृत्तीला चार महिने उरले होते. सगळी चौकी त्यांना मास्तर म्हणायची, कारण तिथल्या प्रत्येकाला सेटवर बोलायला त्यांनी शिकवलं होतं. मी सेटची यादी मागितली, तेव्हा त्यांनी आपली जुनी वही पुढे केली.

"यात सात आहे," मी म्हटलं. "सेट कुठाय?"

"हरवला. जुन्या लढाईत."

"मग वहीत कशाला ठेवलाय?"

"असू द्या, मॅडम. खोडायचं जिवावर येतं."

हरवलेला नंबर यादीत ठेवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पण बोटं गारठली होती, चहा निवत होता, आणि मी वहीतली यादी होती तशी मशीनमध्ये भरली. चूक माझी होती. ती मी कुणावर ढकलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी होती. सहा जणांची गस्त कड्यापलीकडच्या दरीत उतरून परत येणार होती. अकरा नंबरचा सेट धाकट्याच्या पाठीवर होता. कानटोपी घालताना त्याने तोंड एवढंसं केलं.

"ताई, सगळे हसतील."

"हसू देत. डोकं तुझं आहे, आई माझीही आहे. घाल."

ते गेले आणि तासाभरात धुकं उतरलं. रिलेचा सेट घेऊन गाडी कड्यावर जायची होती, तीही रस्त्यातून परत आली. म्हणजे गस्त कड्याआड गेली की तिचा संपर्क तुटणार, हे उघड होतं. मी तशी नोंदसुद्धा लिहून ठेवली.

संपर्क तुटला नाही. अकराचा ठिपका दरीत उतरत राहिला, आणि त्याची रेघ कड्यावरच्या दुसऱ्या एका ठिपक्यातून वळून आमच्यापर्यंत येत राहिली. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. मी स्वतःचीच पाठ थोपटली. मग मी त्या मधल्या ठिपक्याचा नंबर वाचला.

सात. बॅटरी तीन टक्के.

"मास्तर," मी म्हटलं, "वर कुणी आहे का?"

ते चहाचा पेला घेऊन मागे उभे होते. मी वळून पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

विचारायला वेळच मिळाला नाही. अकराचा ठिपका वाट सोडून डावीकडे सरकत होता. डावीकडच्या उतारावर जुन्या लढाईतले सुरुंग अजून तसेच होते, आणि त्यांच्याभोवतीचं तारेचं कुंपण बर्फाखाली गेलं होतं. धुक्यात त्या पोरांना काही दिसत नव्हतं. नकाशा फक्त माझ्या पडद्यावर होता. माझी पाचावर धारण बसली.

"अकरा, थांब!" मी माइकमध्ये ओरडले. "अकरा, पाऊल टाकू नकोस!"

खरखर झाली. मग एक आवाज आला. तो धाकट्याचा नव्हता. कोवळा, सावकाश, शब्द मोजून टाकणारा आवाज.

"अकरा... थांब. अकरा... पाऊल टाकू नकोस. कंट्रोलचा निरोप."

आता सेट आपोआप निरोप पोचवतात. मधल्या माणसाने तो तोंडाने पुन्हा म्हणायचा, ही पद्धत बंद होऊन अठरा वर्षं झाली होती.

"थांबलो," धाकट्याचा आवाज आला. श्वास फुललेला होता. "ताई, माझ्या बुटाला तार लागतेय... मधे हे कोण बोलतंय?"

"ते सोड. आलात त्याच पावलांवरून मागे फिरा. एकामागे एक."

"आलात त्याच पावलांवरून... मागे फिरा. एकामागे एक," तो आवाज म्हणाला.

वीस मिनिटं असं चाललं. मी सांगायचं, त्याने म्हणायचं, धाकट्याने पाळायचं. बॅटरी दोन झाली. मी मनातल्या मनात त्या आकड्याला हात जोडत होते. तो कोण आहे, काय आहे, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझा भाऊ बाहेर येईपर्यंत तो आकडा टिकावा, एवढंच मागणं होतं. ठिपका वाटेवर आला, आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले.

तेवढ्यात सेट पुन्हा खरखरला.

"सातकडून कंट्रोलला. अकरा सुखरूप. बॅटरी संपत आलीय... मी अजून थांबू का?"

मास्तरांनी माझ्या हातातून माइक घेतला. त्यांचा हात बर्फासारखा होता.

"त्याला मीच वर पाठवलं होतं," ते मला म्हणाले, अगदी हळू. "माघारीचा हुकूम आला. सगळ्यांना सांगितलं. शेवटची तुकडी निघेपर्यंत रिले चालू हवा होता, म्हणून त्याला शेवटी सांगणार होतो. आणि तोफा सुरू झाल्या... मी पळालो, पोरी. कंट्रोलने 'बंद कर' म्हटल्याशिवाय रिलेने जागा सोडायची नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं."

मग त्यांनी बटण दाबलं.

"सात, मी मास्तर. चूक माझी होती, बाळा. सेट बंद कर. परत ये."

स्टोव्हचा आवाज तेवढा चालू होता.

"येतो, मास्तर..." आणि मग, शिकवलेला धडा म्हणावा तसं, "माझ्या जागी कोण?"

मी मास्तरांच्या बाहीला धरलं. रिलेची जागा रिकामी सोडायची नाही, दुसरा आल्याशिवाय उठायचं नाही, हाही त्यांचाच नियम. पडद्यावर अकराचा ठिपका कड्याच्या पायथ्याशी होता, सगळ्यात जवळ. मास्तरांनी त्या ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मी," ते माइकमध्ये म्हणाले. "मी येतोय."

चार वाजता गस्त परतली. सहा गेले होते, सहा आले. मी धाकट्याला आधी एक चापट मारली आणि मग मिठी मारली.

"ताई, कड्यापासून कुणीतरी आमच्या मागून चालत होतं," तो म्हणाला. "आम्ही थांबलो की थांबायचं. तू पाठवलं होतंस का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मास्तरांनी आम्हाला जेवायला पिटाळलं, स्वतः थांबतो म्हणाले. सकाळी कंट्रोल रूममध्ये त्यांचा चष्मा होता, नीट घडी घालून ठेवलेला. मास्तर नव्हते. चार्जरमध्ये अकराही सेट जागच्या जागी होते. दारापासून रात्री पडलेल्या ताज्या बर्फात एका माणसाची पावलं कड्याकडे गेली होती. आणि कड्याकडून दुसऱ्या एकाची पावलं खाली आली होती, बारीक, जुन्या तऱ्हेच्या बुटांची. वाटेत एका ठिकाणी ती दोन्ही समोरासमोर थांबली होती. खाली येणारी पावलं डब्यात शिरली होती. ओले ठसे चार्जरपाशी संपत होते, आणि सातव्या, रिकाम्या खणाचा हिरवा दिवा लागला होता.

पडद्यावर कड्यावर सात होता. बॅटरी शंभर.

कडा तीन दिवस शोधला. मास्तर सापडले नाहीत. मी चौकीच्या साहेबांना सगळं सांगितलं, सात यादीतून काढू द्या म्हणून हातापाया पडले. साहेबांनी चाचणीचा अहवाल वाचला, दरीतला संपर्क एकदाही तुटला नाही या ओळीवर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नका." सही मिळाली. मी परत आले.

धाकट्याने हट्टाने तिथेच राहायचं ठरवलं. मास्तरांच्या मागे कंट्रोलचा सेट आता तोच सांभाळतो. दर रविवारी फोन करतो, आईशी बोलतो, आणि शेवटी मला एक आकडा सांगतो. पहिल्या वर्षी तो नव्वदच्या आसपास होता. दोन हिवाळ्यांनी पन्नास झाला. बदली माग म्हणून मी भांडले, रडले, आईची शपथ घातली. तो ऐकत नाही.

काल रविवार होता.

"चार," तो म्हणाला.

मी फोन घेऊन आईपासून लांब गेले.

"आणि ताई, काल मास्तर बोलले. बऱ्याच दिवसांनी." तो जरा हसला, लहानपणी खोडी लपवताना हसायचा तसा. "विचारत होते, आईची कानटोपी अजून आहे ना म्हणून. वर थंडी फार आहे म्हणाले."