पहिली घडी

रत्नागिरीच्या समुद्राकडे तोंड करून असलेल्या प्रथिन संशोधनिकेत, रेणुचित्रकाच्या पडद्यासमोर डॉ. विशाखा परुळेकर उभी होती. पडद्यावरचा रेणू तिचा नव्हता, डॉ. गौतमी वानखडेचा होता. आटोपशीर, कुठेही सैल न पडलेला, शेवटचे टोक हळूच आत खोचलेले. विशाखाला तो पाहताक्षणी आवडला आणि म्हणूनच तिने नजर वळवली.

गौतमी वाशिमहून आली तेव्हा इथली यंत्रे तिला विशाखानेच शिकवली होती. संशोधनिकेचे संस्थापक डॉ. दिगंबर सोहोनी त्या काळी प्रत्येक नवी शंका घेऊन आधी विशाखाच्या टेबलाशी यायचे. हल्ली ते तिच्या टेबलावरून पुढे जात आणि गौतमीशी तासन्‌तास बोलत बसत. आता तर चालणेही त्यांना जड झाले होते. ज्या आजारावर त्यांनी आयुष्य घालवले, तोच त्यांना जडला होता. यकृतात तयार होणारे एक प्रथिन चुकीचे दुमडून त्यांच्या चेतातंतूंवर साचत होते. पाय बधिर झाले होते, बोटांत पेन ठरत नव्हते.

उपचाराला परवानगी देणाऱ्या डॉक्टरांच्या समितीपुढे गौतमीनेच सगळे समजावून सांगितले.

"प्रथिन म्हणजे एक लांब माळ. तिची घडी नीट बसली तरच ती कामाची. सरांच्या शरीरात ही घडी चुकते. माझा रेणू हे तेच प्रथिन आहे, फक्त सहजी न उसवणाऱ्या घडीचं. तो दुसऱ्या रेणूला टेकला की त्यालाही आपल्यासारखं दुमडायला लावतो. मग तो दुसरा तिसऱ्याला."

"म्हणजे औषध थोडंच लागेल?" समितीच्या प्रमुखांनी विचारले.

"थोडंच. शरीरभर पसरते ती घडी, औषध नव्हे."

विशाखानेही असाच रेणू घडवला होता. त्याची घडी थोडी वेगळी होती, टोक बाहेर राहणारी, पण गुणाला तो गौतमीच्या रेणूइतकाच उतरत होता. तरीही सरांनी गौतमीचा निवडला. तुझा पुढच्या खेपेला, असे ते विशाखाला म्हणाले, तेही सहज, चहा पिता पिता. तिने आपला कप तसाच खाली ठेवला.

उपचाराच्या आदल्या दिवशी गौतमी आपली सगळी माहिती घेऊन तिच्याकडे आली. "ताई, काही राहून गेलंय का, एकदा बघता? माझी नजर आता मेली आहे."

विशाखाने पाहिले आणि तिला ते चटकन दिसले. पेशी प्रथिन घडवताना त्यावर साखरेच्या रेणूंची एक साखळी चढवते. ही शर्करामुद्रा प्रत्येक जीवजातीची निराळी असते. गौतमीने आपला रेणू यीस्टच्या पेशींत वाढवला होता, म्हणजे त्यावर मुद्रा यीस्टची होती. माणसाचे यकृत ती परकी म्हणून ओळखणार आणि औषध रक्तातून झाडून टाकणार. विशाखाने स्वतःचा रेणू मानवी पेशींत वाढवला होता, तो याच कारणाने.

"ठीक आहे सगळं," ती म्हणाली.

औषध दिले गेले. आठवड्याने सरांचे रक्त तपासले. चाचणी औषधावरची यीस्टची मुद्रा शोधणारी होती. एकही रेणू सापडला नाही. सरांचे पायही तसेच बधिर होते. मग बैठकीत विशाखाने शांतपणे कारण सांगितले आणि स्वतःचा रेणू पुढे केला. हे आधी कसे सुचले नाही, असे सरांनी विचारले तेव्हा आताच लक्षात आले म्हणून तिने वेळ मारून नेली.

तिचा रेणू दिला गेला आणि तीन-चार महिन्यांत सोहोनी सर काठी न घेता जिना चढू लागले. वर्तमानपत्रांत विशाखाचा फोटो आला. सर पुन्हा तिच्या टेबलाशी थांबू लागले. गौतमीने पेढे आणून सगळ्यांना वाटले. तिच्या चेहऱ्यावर रागलोभाचा लवलेशही नव्हता, आणि विशाखाला वाटले की आपल्याला असे वागणे कधी जमले नसते.

शोधनिबंधासाठी सरांच्या रक्तातल्या रेणूंची चित्रे हवी होती. ते काम विशाखाने मुद्दाम गौतमीकडे दिले. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

दुपारी गौतमी परत आली ती गोंधळून. "ताई, टोक आत आहे. सगळ्या रेणूंचं."

विशाखा धावत पडद्यापाशी गेली. तिने आपल्या रेणूंत ओळखीसाठी एक जड अणू बसवला होता. खुणेचे ते रेणू सापडले. त्यांचेही टोक आत खोचलेले होते.

"मला वाटतं, यकृताने माझे रेणू काढून टाकले," गौतमी सावकाश विचार करत म्हणाली, "पण तेवढ्या वेळात त्यांनी आपली घडी सरांच्या रेणूंना दिली होती. त्या रेणूंवर सरांच्याच पेशींची मुद्रा, म्हणून चाचणीला ते दिसले नाहीत आणि यकृतानेही हात लावला नाही. चेतातंतूंवर साचलेलं विरघळायला वेळ लागतो, म्हणून पाय लगेच सुधारले नाहीत. तुमचं औषध गेलं तोवर सगळं रक्त माझ्या घडीचं झालं होतं. त्या गर्दीत तुमचे रेणू मूठभर, म्हणून त्यांनीही तीच घेतली."

विशाखाला वाईट वाटले असेल म्हणून गौतमीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जी घडी आधी पोचली ती राहिली, एवढंच. यीस्टची गोष्ट आपल्यापैकी कुणाच्या वेळेवर लक्षात आली असती, तर मी माझं औषध तिथेच थांबवलं असतं. सरांना पहिल्यांदा तुमचंच मिळालं असतं, आणि आज इथे सगळी तुमची घडी दिसली असती."

पडद्यावर हजारो रेणू होते, एकसारखे. त्यातला एकही विशाखाचा नव्हता.

तिने खुर्ची ओढली, शोधनिबंध उघडला आणि शीर्षकाखाली आपल्या नावाच्या आधी गौतमीचे नाव टाइप केले. गौतमी नको नको म्हणत राहिली. तिचा तो मोठेपणाही विशाखाला सहन झाला नाही.