कथलाचं पदक

शिंपीणबाई आल्या त्या बसल्याच नाहीत. दारात उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "मेलेल्या माणसाची केस घेता का तुम्ही?"

"घेते. जिवंत माणसं फार मध्ये मध्ये बोलतात," वहिनी म्हणाल्या. "बसा."

हा टोला आपल्याला होता हे भाऊजींच्या लक्षात आलं, पण त्यांनी तो मनावर घेतला नाही. थोरला भाऊ गेल्यावर त्याची तपासकचेरी वहिनींनी चालवायला घेतली आणि भाऊजींनी पोस्टातून निवृत्त होताच स्वतःला मदतनीस म्हणून नेमून टाकलं. आपण नसतो तर वहिनींचं कसं झालं असतं, असा प्रश्न त्यांना अधूनमधून पडे. वहिनींना तो कधीच पडला नव्हता.

शिंपीणबाईंची हकिगत अशी होती. गावात पूर्वी सरकारी बंब नव्हता. अग्निबंधू मंडळ होतं. घंटा झाली की सुतार, लोहार, शिंपी हातातलं काम टाकून पळत सुटायचे. मंडळात शपथ घेऊन शिरायचं, एकमेकांना बंधू म्हणायचं आणि छातीवर मंडळाचं पदक लावायचं. पुढे शिडी आणि बादली, मागे ज्याचा त्याचा आकडा.

चाळीसेक वर्षांपूर्वी कापसाचं गोदाम जळालं. त्या रात्री शिंपी आलाच नाही, घाबरून घरी बसला, असा ठपका मंडळाने शिंपीणबाईंच्या वडिलांवर ठेवला आणि त्यांना काढून टाकलं. ते मरेपर्यंत सांगत राहिले की मी आत होतो. त्यांचा हात भाजला होता. लोक म्हणाले, इस्त्रीने भाजला असेल.

"दिवंगत बंधूंची नावं मंडळाच्या भिंतीवर कोरलीत. सगळ्यांची आहेत, आमच्या बाबांचं तेवढं नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "आता त्या गोदामाच्या जागेवर बांधकाम चाललंय. तिथे एक जुनं पदक सापडलं. मंडळाचे चिटणीस म्हणतात, ते नायकांचं, त्या आगीतून रखवालदाराला वाचवलं त्यांचं. येत्या रविवारी काचेच्या कपाटात ठेवणार. आईला नीट दिसत नाही. तिने ते नुसतं हातात घेतलं आणि म्हणाली, हे ह्यांचं. कशावरून, ते तिला सांगता येईना. सगळे हसले."

आई आता थकली आहे, नाव भिंतीवर लागलेलं तिने हयातीत बघावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मंडळाचे चिटणीस किल्ल्या बनवत. दुकान मंडळाच्या सभागृहाला लागूनच. माणूस तोंडाचा गोड. सभागृह उघडण्यासाठी ते किल्ल्यांचा जुडगा शोधत होते, तेवढ्यात भाऊजींनी सवयीप्रमाणे टेबलावरची एक बारीक कानस उचलून पाहिली. तिचे दात बुजले होते आणि भाऊजींची बोटं पांढुरकी झाली.

"ही साफ करायला झालीय तुमची," भाऊजी म्हणाले. चिटणिसांनी कानस हातातून काढून घेतली आणि खणात टाकली.

सभागृहात पदक मखमलीवर ठेवलं होतं. करड्या रंगाचं, रुपयाहून बरंच मोठं आणि अखंड. शिडीची एकेक पायरी मोजून घ्यावी इतकं स्वच्छ. कडेला दोन्ही बाजूंनी बारीक खळगे होते. गाळातले खडे रुतले असणार, असं भाऊजींनी मनाशी ठरवून टाकलं. मागचा आकडा खरवडून गेला होता आणि ती जागा तेवढी चकचकत होती.

"आकडा आधीपासूनच गेलेला," चिटणीस म्हणाले.

वहिनींनी पदकाच्या कडेला नख दाबलं. नखाची खूण उमटली. "कथील?"

चिटणीस म्हणाले, हो, त्या काळी मंडळ गरीब होतं. पुढे पितळेची पदकं केली आणि जुनी सगळी वितळवली. कथील चुलीच्या आचेवरसुद्धा पाणी होतं, म्हणून तर ती फळी. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्यांच्या रांगा ठोकलेली एक लांब फळी होती. आगीत शिरण्याआधी प्रत्येकाने आपलं पदक आपल्या खिळ्याला अडकवायचं, बाहेर आला की काढून घ्यायचं. ज्याचं पदक फळीवर, तो अजून आत.

"फळी खोटं बोलत नाही," चिटणीस अभिमानाने म्हणाले. "त्या रात्री फळी माझ्याकडे होती. पोरसवदा होतो, पण सगळं डोळ्यासमोर आहे. गोदामाच्या पुढच्या दारात मी फळी धरून उभा. सगळ्यात आधी नायकांचं पदक माझ्या हातात पडलं. मग एकेकाचं. शिंप्याचं शेवटपर्यंत नाही. नायकांनी तर रखवालदाराला पाठीवर घालून आणला."

हे त्यांनी इतक्यांदा सांगितलेलं असावं की शब्द आपोआप घरंगळत आले. भाऊजी भारावून गेले. बाहेर पडल्यावर ते म्हणाले, केस संपली, शिंपीणबाईंना हळुवारपणे सांगायला हवं. वहिनी म्हणाल्या, आधी जेवून घेऊ, मग बघू कोणाला काय सांगायचं ते.

दुपारी त्या बांधकामाच्या ठेकेदाराला भेटल्या. ठेकेदार घाईत होता. गोदामाच्या मागच्या जिन्याखाली पाण्याचं टाकं होतं, ते उपसताना गाळात पदक मिळालं, असं त्याने सांगितलं. त्याने ते धुतलं, मागे आकडा होता, पण तो काही पाठ केला नाही, आणि त्याच दिवशी चिटणिसांच्या हातात दिलं.

टाक्याच्या जागेवरून समोर पाहिलं तर एका दुकानाचं मागचं दार दिसत होतं. ते शिंपीणबाईंचं दुकान होतं.

आत म्हातारी आई काजं करत बसली होती. डोळ्यांपेक्षा बोटांवर तिचा भरवसा होता. मापाची जुनी लाकडी पट्टी टोकाला पार चावलेली होती. उंदरांचा बंदोबस्त करा, असा सल्ला भाऊजींनी देऊन टाकला.

म्हातारी हसली. "उंदीर कसला, ही माझी लेक. आग लागली त्या दिवसांत दात येत होते तिला. हाताला लागेल ते तोंडात. ह्यांच्या मांडीवर बसून ह्यांचं काही म्हणता काही सोडायची नाही."

वहिनींनी ती पट्टी दोन दिवसांसाठी मागून घेतली. उंदीर नाहीत तर पट्टी कशाला, हे भाऊजींना कळेना.

नायकांचा मुलगा दातांचा डॉक्टर होता. रुबाबदार, पण सरळ. वडिलांचा फोटो दवाखान्यात लावलेला. आग लागली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि घरात दुसरं मूल नव्हतं. पदक वडिलांचं असल्याचं चिटणिसांनीच त्याला सांगितलं होतं. वडील मात्र त्या रात्रीबद्दल फारसं बोलत नसत. "रखवालदार मागच्या अंगणात बेशुद्ध पडला होता, तिथून उचलून आणला, एवढंच म्हणायचे. कोणी फार कौतुक केलं की उठून जायचे."

रविवारी सोहळ्याआधी वहिनींनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. चिटणीस नव्या कोटात होते. म्हातारी लेकीचा हात धरून आली आणि नावांच्या भिंतीकडे पाठ करून बसली.

"हे पदक कोणकोणाचं नाही, तिथून सुरुवात करू," वहिनी म्हणाल्या. "चिटणीस, त्या रात्री नायकांचं पदक कुठे होतं?"

"फळीवर. म्हणजे..." चिटणीस थांबले.

"तुम्हीच सांगितलंत, सगळ्यात आधी त्यांचंच तुमच्या हातात पडलं. पुढच्या दारात तुमच्या हातात असलेलं पदक मागच्या टाक्यात कसं पडेल? इतकी वर्षं एकच गोष्ट सांगत आलात, ती तोंडात बसली. नवी गोष्ट तिच्याशी जुळते का, हे बघायचं राहून गेलं."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. आपणही तिथेच उभे होतो, दोन्ही कानांनी ऐकत होतो.

"ज्यांनी पदकं फळीवर लावली, त्या कोणाचंच हे असू शकत नाही. हे अशा माणसाचं, जो पदक छातीवर ठेवूनच आगीकडे धावला. का? कारण त्याचं मागचं दार गोदामाच्या मागच्या जिन्यासमोर उघडत होतं. वळसा घालून फळीपर्यंत जायचं तर रखवालदार मेला असता. त्याने त्याला बाहेर आणलं, टाक्यातलं पाणी त्याच्यावर मारलं आणि वाकताना पदक पाण्यात पडलं. आगीत पडतं तर कथलाचा थेंबसुद्धा उरला नसता. मग तो पुन्हा आत गेला असेल. तेवढ्यात नायक मागे आले, त्यांना अंगणात रखवालदार दिसला, त्यांनी त्याला उचलला. ते खोटं बोलले नाहीत. लोकांनी त्यांना बोलूच दिलं नाही."

"हा सगळा तर्क झाला," चिटणीस म्हणाले. "नाव कुठे आहे त्यावर?"

वहिनींनी पदक आणि लाकडी पट्टी डॉक्टरांसमोर ठेवली. "कडेचे खळगे बघा. हा तुमचा विषय."

डॉक्टरांनी चष्मा वर केला, पदक उजेडात फिरवलं, मग पट्टी. पुन्हा पदक हातात घेतलं. बोलणं त्यांना महाग पडणार होतं, हे भाऊजींनाही दिसत होतं.

"दुधाचे दात आहेत," ते शेवटी म्हणाले. "वरचे दोन, खालचे दोन. वरचा एक जरा तिरका. दोन्हीकडे तोच." त्यांनी पदक खाली ठेवलं. "हे माझ्या वडिलांचं नाही. आमच्या घरात तेव्हा तान्हं मूल नव्हतं."

शिंपीणबाईंचा हात नकळत तोंडाशी गेला.

"आकडा राहिला," वहिनी म्हणाल्या. "ठेकेदाराने धुतलं तेव्हा तो होता. चिटणीस, लोखंडाचा कीस काळा असतो, पितळेचा पिवळा. तुमच्या कानशीत पांढरा होता आणि मऊ. भाऊजींची बोटं बरबटली होती. कथलाची किल्ली कोण करून घेतं तुमच्याकडून?"

चिटणीस खुर्चीत बसले, कोट चुरगळला तरी त्यांना भान नव्हतं. "शिंप्याचा आकडा पाहिला आणि मी कानस घेतली," ते म्हणाले. "चौकशीत मला विचारलं होतं, शिंपी आत गेला का? मी म्हणालो, त्याचं पदक फळीवर नव्हतं. नव्हतंच. त्यात माझं खोटं काय होतं?"

"तेव्हा काहीच नव्हतं. या महिन्यात आहे."

म्हातारी उठली. ती चिटणिसांवर रागावली नाही. हात पुढे करून तिने पदक मागितलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्यांचा खिळा कुठला?"

चिटणिसांनीच तिला फळीपर्यंत नेलं आणि तिचं बोट त्या खिळ्यावर ठेवलं. तिने चाचपडत पदक अडकवलं. फळीचा नियम खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता. ज्याचं पदक फळीवर, तो अजून आत.

म्हातारी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने पदक खिळ्यावरून काढलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"आले बाहेर," ती म्हणाली, आणि नावांच्या भिंतीकडे तोंड करून बसली. चिटणीस छिन्नी आणायला दुकानात गेले.